घसाऱ्याचा डोंगर

सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाची कड्याची भीती दोन-चार वर्षांत मोडते. घसाऱ्याची धास्ती मात्र जात नाही. पावसाळा सरला की मुरूम सुटतो, त्यावर वाळकं गवत आडवं पडतं आणि जिथे पाय ठेवावा तीच जमीन पायाखालून निघते. टाच रोव, पुढच्याशी अंतर ठेव, दगड सुटला तर ओरडून सांग, हे सगळं मी शाळेच्या वयात राजगड-तोरण्याच्या वाटांवर शिकलो. पुढची पंचवीस वर्षं न घसरण्याचीच विद्या पक्की करत गेलो. म्हणून निकाराग्वातल्या सेरो नेग्रोच्या माथ्यावर एका लाकडी फळीवर बसून, मुद्दाम घसरण्यासाठी घसाऱ्यात उतरायची वेळ आली तेव्हा गुडघे ऐकेनात.

सेरो नेग्रो म्हणजे स्पॅनिश भाषेत काळा डोंगर. समुद्रसपाटीपासून उंची ७२८ मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी. पायथ्यापासून मोजला तर जेमतेम अडीचशे-तीनशे मीटर. उतारावर झाड नाही, झुडूप नाही. हिरव्या रानात कुणी कोळशाचा ढीग ओतून ठेवावा तसा तो दुरून दिसतो.

आगगाडीहून तीन वर्षांनी मोठा

एप्रिल १८५० पूर्वी इथे हा डोंगर नव्हता. त्या महिन्यात जवळच्या लिओन शहरात जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागला आणि लास पिलास या जुन्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी भुई फाटली. एफ्रेम जॉर्ज स्क्वायर हा अमेरिकेचा राजनैतिक प्रतिनिधी त्या वेळी निकाराग्वात होता. या जन्माचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली ती १८५३ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे हा डोंगर तिच्याहून फक्त तीन वर्षांनी मोठा. मध्य अमेरिकेतला हा सर्वांत तरुण ज्वालामुखी. जन्मल्यापासून वीसहून अधिक वेळा तो जागा झाला आहे.

याचं मूळ पॅसिफिकच्या तळाशी आहे. तिथे कोकोस नावाची भूपट्टी कॅरिबियन भूपट्टीखाली सरकते. खाली जाताना ती समुद्राचं पाणी खनिजांत बांधून नेते. खोलवरच्या उष्णतेत ते पाणी सुटतं, वरच्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. त्यातूनच सान क्रिस्तोबाल, तेलिका, मोमोतोम्बो अशी मारिबिओस डोंगरांची रांग उभी राहिली.

सेरो नेग्रोचा शिलारस वायूने भरलेला. तोंडाशी येताच दाब सुटतो, तो फेसाळतो आणि तुकडे तुकडे होऊन हवेत उडतो. हे तुकडे थिजून खाली पडतात आणि तोंडाभोवती साचतात. खळ्यात धान्य एका जागी ओतत राहिलं की रास कशी आपोआप टोकदार होते? अगदी तसं. सुट्या खड्यांची रास साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावते. वर आणखी टाकलं तर ते घरंगळतं, पण उतार तोच राहतो.

खळ्याचीच उपमा पुढे नेता येते. या भागात वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो. धान्य उफणताना दाणा जवळ पडतो आणि भूस लांब उडतं, तशी इथे स्फोटातल्या मालाची उफणणी होते. जड धोंडे एकीकडे, बारीक खडी दुसरीकडे. चढायची वाट धोंड्यांतून जाते, कारण तिथे पाय टिकतो. घसरायचं ते बारीक खडीच्या बाजूने.

फळी

लिओनहून पंचवीसेक किलोमीटर. शहर सुटलं की डांबर संपतं आणि ट्रक शेतांमधल्या काळ्या धुळीतून हेलकावे खात जातो. हा परिसर संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. पायथ्याच्या चौकीवर नाव नोंदवायचं, प्रवेशशुल्क भरायचं आणि फळी पाठीवर घ्यायची. चढ पाऊण तासाचा, पण मोकळ्या कडेवर वारा फळीला शिडासारखा धरतो आणि आपल्याला सरळ बाजूला ढकलतो. तिथे फळी वाऱ्याला आडवी न धरता त्याच्या रेषेत धरायची, हे वाटाड्या पुन्हा पुन्हा बजावतो.

फळीची रचना साधी आहे. जाड प्लायवूड, पुढे पाय टेकायला आडवी पट्टी, हातात धरायला दोर. खालच्या अंगाला धातूचा पत्रा आणि घरच्या टेबलावर लावतात तसला सनमायका. तो खडीवर घासून झिजतो आणि वरचेवर बदलावा लागतो. या रचनेमागे बरेच फसलेले प्रयोग आहेत. लिओनमध्ये प्रवाशांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या डॅरिन वेब या ऑस्ट्रेलियन माणसाने २००४-०५ च्या सुमारास गादीवर बसून, छोट्या फ्रिजच्या दारावर बसूनही हा उतार उतरून पाहिला आणि मग तो या फळीपाशी आला. त्याआधी २००२ मध्ये एरिक बारोन हा फ्रेंच सायकलपटू याच डोंगरावरून ताशी १७२ किलोमीटर वेगाने खाली आला. उतार संपता संपता सायकल मोडली. तो जबर जखमी झाला, पण वाचला.

माथ्यावर गंधकाचा वास नाकात भरतो. विवराच्या कडेला खडकांवर पिवळे-पांढरे थर साचले आहेत. बुटाने खडी जराशी उकरली, हात जवळ नेला, तर खालून ऊब येत होती. आपण कशावर उभे आहोत हे तळहाताला कळलं.

अंगात जाड कापडाचा झगा, डोळ्यांवर बंद चष्मा, हातात मोजे. सूचना मोजक्याच. मागे रेला म्हणजे वेग वाढेल. पाय सपाट टेका म्हणजे कमी होईल. एकच पाय टेकलात तर फळी त्या बाजूला वळेल आणि उलटेल. तोंड बंद ठेवा.

मी निघालो. पहिले काही क्षण फळी रुतून बसली, मग खालची खडी सैल झाली आणि सगळा उतारच माझ्याबरोबर चालू लागला. हे खडे पोकळ, हलके. फळीखाली ते गडगडतात आणि कोरड्या पावसासारखा आवाज येतो. पाय पुन्हा पुन्हा जुन्या सवयीने टाच रोवायला जात होते. तिथे टाच रोवली असती तर उलटलो असतो. पंचवीस वर्षांची विद्या बाजूला ठेवून पाय सपाट, सैल ठेवले, तेव्हा फळी सरळ झाली. चढायला पाऊण तास लागला होता, उतरायला एक मिनिटही नाही. काहीजण इथे ताशी ८०-९० किलोमीटरचा वेग गाठतात. माझा त्याच्या जवळपासही नव्हता. खाली उठून मागे पाहिलं तर माझ्या घसरणीची रेघ वाऱ्याने आणि वरून ओघळणाऱ्या खडीने बुजत चालली होती.

शहराच्या छपरांवर

ज्या खडीवरून आम्ही हौसेने घसरतो ती लिओनच्या छपरांवरही पडलेली आहे. १९७१ नंतर २१ वर्षं हा डोंगर गप्प होता. एप्रिल १९९२ मध्ये तो उसळला. वारा नेहमीसारखा पूर्वेचा, त्यामुळे राख थेट शहरावर आली. तिच्या भाराने छपरं कोसळली, माणसं दगावली, शेतं काळ्या थराखाली गेली. १९९५ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. शेवटचा ऑगस्ट १९९९ चा. त्याआधी काही तासच भूकंपाचे धक्के बसले होते. इतकी थोडकी पूर्वसूचना देणारा डोंगर आहे हा. निकाराग्वाची सरकारी संस्था, इनेतेर, त्याच्यावर सतत लक्ष ठेवून असते. तिचा इशारा असेल त्या दिवशी पायथ्यावरूनच परतावं. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

या शहराला डोंगर आणि भूकंप काय करतात ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मूळ लिओन मोमोतोम्बोच्या पायथ्याशी वसलं होतं. १६१० च्या भूकंपानंतर लोकांनी ते सोडलं आणि पश्चिमेला नवं शहर वसवलं. जुन्या लिओनचे अवशेष आज जागतिक वारसास्थळ आहेत. म्हणून मला वाटतं, या उतारावर येणाऱ्याने आधी लिओनची एखादी सकाळ पाहावी. ज्वालामुखी इथे खेळाचं मैदान होण्याच्या कितीतरी आधीपासून शेजारी आहे, आणि त्याची राख झाडून लोक तिथेच राहिले आहेत.

रिकामी भोकं

आपली भाषा डोंगराला अचल म्हणते, नग म्हणते. न चालणारा. सह्याद्रीखाली जन्मलेल्या माणसाला हा शब्द पटतो. पण आपला काळा कातळही एकेकाळी वाहत होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बेसॉल्टचे लोट आले आणि थरावर थर चढत दख्खनचं पठार झालं. सेरो नेग्रोही बेसॉल्टचाच. दोघांच्या जन्माची कारणं निराळी, रीत निराळी. आपला लाव्हा चादरीसारखा पसरला, तिथला शिंतोड्यांसारखा उडाला. दगडाची जात मात्र एक.

परतल्यावर पहिल्याच रविवारी हरिश्चंद्रगडावर गेलो. वाटेतला एक धोंडा हाताने चाचपला. त्यावर भोकं होती, निकाराग्वातल्या खडीवर होती तशीच, वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेली. फरक एवढाच की ही भरलेली होती. कोट्यवधी वर्षं पाणी दगडात झिरपत राहिलं आणि या पोकळ्यांत पांढरे स्फटिक धरले. आपल्याकडे रानात सापडणाऱ्या गारगोट्या आणि झिओलाइट घडले ते अशाच पोकळ्यांत. त्या स्फटिकावर बोट ठेवून मी बराच वेळ तिथे बसलो. सेरो नेग्रोच्या खड्यांची भोकं अजून रिकामी आहेत.