शिक्षकाचा ताण, वर्गाचे नुकसान

पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंडच्या शाळांतील ताणाचा प्रश्न शिक्षकाच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेचा अधिक आहे. या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात तोडणी कामगारांची मुले सत्राच्या मध्यावर येतात. रांजणगाव, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे परप्रांतीय कुटुंबांची मुलेही पटावर येतात. एकाच वर्गातल्या वेगवेगळ्या पातळ्या आणि भाषा सांभाळायला शांत चित्त लागते. ते ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीची कामे यांत विखुरले, की आधी वह्यांची तपासणी मागे पडते, मग पाठाची तयारी, शेवटी मुलाला दुसऱ्यांदा समजावण्याचा संयम. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्यात कामाविषयीचा दुरावा आणि घटती परिणामकारकता ही लक्षणे नोंदवली आहेत.

‘सुट्ट्या भरपूर, पगार पक्का, मग ताण कसला?’ हा आक्षेप अपुरा आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवड्याला धरलेल्या ४५ तासांत पाठाच्या तयारीचाही वेळ आहे; तो कागदपत्रांत गेला, तर उन्हाळी सुट्टीत भरून निघत नाही. निवडणूक, जनगणना, आपत्ती निवारण ही कामे कलम २७ ला मान्य आहेत, हे खरे. तरी निवडणुकीची कामे शक्यतो सुट्टीच्या दिवशी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. म्हणून तणावमुक्तीच्या शिबिरांआधी अशैक्षणिक कामे कमी करा. ताण असह्य झालेल्या शिक्षकांनी संकोच न करता ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.