जुन्या फोटोतली मोटार ओळखताना

(पेण येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

सुरुवात एका फोटोपासून करू. रोह्याच्या एका घरातून तो आमच्याकडे आला. फोटोत अंगण आहे, पायरीवर उभा असलेला एक तरुण आहे आणि उजव्या कडेला एका गाडीचं अर्धवट तोंड दिसतंय. घरातल्या आजी म्हणायच्या, हे आमचे थोरले दीर, १९४३ साली गेले. त्यांचा दुसरा फोटो घरात नव्हता. त्यामुळे हाच फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता आणि दर वर्षी त्याला हार घातला जायचा. नातवाला फक्त एवढंच हवं होतं, की गाडी कोणती ते सांगा.

गाडी कोणती ते आम्ही सांगितलं. पण त्याचा परिणाम काय झाला, ते शेवटी सांगतो. आधी गाडी ओळखायची कशी ते बघू.

पहिली गोष्ट म्हणजे नावाच्या मागे लागू नका. आधी भाग बघायचे: समोरची जाळी, दिवे, चाकं, मडगार्ड, काच. फोर्डची टी मॉडेल घ्या. ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी तयार झाली, म्हणजे फोटोत भेटण्याची शक्यता मोठी. तिच्या रेडिएटरची चौकट चकचकीत पितळी असेल, तर गाडी साधारण १९१६ पर्यंतची. त्यानंतर चौकट काळी झाली. लाकडी आऱ्यांची जाड चाकं, उभी सपाट काच आणि मडगार्डपासून सुटे उभे राहिलेले दिवे हा सगळा जुना जमाना. तीसच्या दशकात रेडिएटर जाळीच्या आड गेला, मडगार्ड गोलसर झाले आणि पुढे दिवे हळूहळू त्यांच्यातच बसले. पण हे सगळ्या कंपन्यांनी एकाच वर्षी केलं नाही, म्हणून नुसत्या दिव्यांवरून साल ठोकून देऊ नका.

आता आपल्या भागाकडे येऊ. रेल्वे इथे फार उशिरा आली. रोह्यापर्यंत ती पोचली १९८६ मध्ये. त्याआधी मुंबईहून यायचं तर एकतर बोटीने धरमतरला उतरा, नाहीतर सडकेने या. त्यामुळे पेण, वडखळ, नागोठणे या पट्ट्यात सर्व्हिस मोटारींना महत्त्व होतं. गाड्याही लांबून येत नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली आणि फोर्डची भारतातली कंपनीही त्याच सुमाराची. म्हणून तीसच्या दशकातल्या आपल्या फोटोंमध्ये शेवरोले आणि फोर्ड दिसल्या तर नवल वाटून घेऊ नका.

फोटोतल्या बसच्या मागच्या बाजूला बंबासारखं काही लटकलेलं दिसलं, तर ते पाणी तापवायचं नाही हं! दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं, तेव्हा लोणारी कोळसा जाळून त्या गॅसवर गाड्या चालवत. असा बंब दिसला की फोटो बहुतेक युद्धकाळातला किंवा त्याच्या आसपासचा. दिव्यांवर झाकणं आणि मडगार्डच्या कडेला पांढरा पट्टा असेल, तर तीही ब्लॅकआउटची खूण.

बसवर राज्य परिवहनाची खूण असेल, तर फोटो १ जून १९४८ च्या आधीचा असूच शकत नाही. त्या दिवशी पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड होती, लाकडी बॉडीची. हल्ली जुने फोटो संगणकावर रंगवतात आणि प्रत्येक एसटी लाल करून टाकतात. ती पहिली बस निळी-चंदेरी होती. रंगवलेला फोटो पुरावा म्हणून धरू नका.

मोटारी बघा. लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती पन्नासच्या दशकातली. अँबॅसिडर आली १९५७ च्या सुमारास. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चं, म्हणून ‘बाबांच्या १९६५ च्या लग्नातली पद्मिनी’ असं कुणी म्हणालं, तर ती फियाट असणार. मुंबई राज्याच्या काळातल्या नंबरपाट्यांवर बीएम किंवा बीवायने सुरू होणारी अक्षरं भेटतात. महाराष्ट्र झाल्यावर एमआर, एमएम अशा मालिका आल्या. एमएच-०६ दिसलं, तर फोटो १९८९ नंतरचा. हे आपल्या पेणच्या आरटीओचं पासिंग. आणि ट्रकच्या दारावर ‘जि. कुलाबा’ लिहिलेलं असेल, तर रंगाऱ्याने ते बहुधा १९८१ च्या आधी लिहिलंय, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं.

स्टिअरिंग डाव्या बाजूला दिसलं तर दचकू नका. आधी फोटो उलटा छापलाय का ते बघा. पाटीवरची अक्षरं वाचा. अक्षरं नसतील तर सदऱ्याचा खिसा, नऊवारीचा पदर बघा. पदर डाव्या खांद्यावर हवा. तो उजवीकडे आणि खिसाही उजवीकडे असेल, तर निगेटिव्ह उलटी लागलीय.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. गाडीवरून फोटोचं साल कळत नाही. फोटो ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच कळतं. १९३४ ची शेवरोले १९५५ मध्येही पेणच्या बाजारात माल उतरवत असू शकते. आपल्याकडे गाडी टाकून देत नसत, जुनी मोटार कापून तिचा टेम्पोसुद्धा करत. म्हणून फोटोतली सगळ्यात जुनी वस्तू सोडा आणि सगळ्यात नवी शोधा. एक उदाहरण घेऊ. चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला सप्टेंबर १९३० मध्ये. त्याचा म्हणून दाखवलेल्या फोटोत जीप असेल, तर तो फोटो त्या सत्याग्रहाचा नाही, कारण जीप घडलीच १९४१ मध्ये. उलट १९५२ च्या पहिल्या निवडणुकीचा फोटो असेल, जेव्हा कुलाब्यातून चिंतामणराव देशमुख लोकसभेवर गेले, तर त्यात जीप असणं अगदी स्वाभाविक आहे.

आता रोह्याच्या फोटोकडे परत येऊ. कडेला दिसत होती ती जीप. जाळीच्या उभ्या फटी आम्ही मोजल्या. निम्मी जाळी कापली गेली होती, पण मधली फट दिसत होती आणि तिच्या एका बाजूला तीन. म्हणजे एकूण सात. लष्करी जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात आणि दिवे लहान, आत बसलेले असतात. सात फटी आणि पुढे आलेले मोठे दिवे ही नागरी जीप, आणि ती १९४५ पासूनची. महिंद्रने पुढे आपल्याकडे जुळवल्या त्याही सात फटींच्याच. म्हणजे पायरीवरचा तरुण १९४३ साली गेलेला माणूस असू शकत नाही.

हे आजींना सांगायचं कसं? आमच्यात त्यावरून वाद झाला. एक जण म्हणाला, सांगूच नका, हार घालू देत. पण नातवाने विचारलं होतं, आणि खोटं सांगणं आम्हाला जमेना. आम्ही आजींसमोर बसून फटी मोजल्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग हा धाकटा. दोघं सारखेच दिसायचे.” धाकटे दीर पुढे मुंबईला गेले, त्यांचाही घरात दुसरा फोटो नव्हता. फ्रेम भिंतीवरच राहिली. हार मात्र त्या वर्षी घातला नाही.

आपल्याकडे फोटो नुसते चुकीच्या नावाने राहतात असं नाही, ते जातातही. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने नागोठणे, जांभूळपाड्यात काय केलं ते इथल्या अनेकांनी पाहिलंय. २००५ चा पूर तर सगळ्यांच्या आठवणीत आहे. पाण्यात अल्बमही जातात.

म्हणून एक विनंती. गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतील, तेव्हा अल्बम खाली काढा. फोटो कडेसकट स्कॅन करा, गाडीचं तोंड कडेलाच असतं. मागच्या बाजूला बॉलपेनने काही लिहू नका. वेगळ्या कागदावर लिहा: कोण म्हणालं, कधी म्हणालं आणि खात्रीने म्हणालं की अंदाजाने. आणि म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. जाळीच्या फटी पुढच्या वर्षीही मोजता येतील.