गंजलेला बोल्ट
वडिलांची जुनी फियाट भंगारांत द्यावी, असें घरांत जवळजवळ ठरलें होतें. ती चालती करावी म्हणून सायलेन्सरचा एक बोल्ट सोडवूं गेलों, तों त्याचें षट्कोनी डोकें झिजून गोल झालें! दोष बारा कोनांच्या सैल रिंगपान्याचा, आणि माझ्या घाईचा.

गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें आटे पाचर मारल्यासारखे आवळतात. तेथें नुसतें बळ व्यर्थ. गंज सोडविणारें पातळ तेल घालून रात्र जाऊं द्यावी, हातोडीचे हलके ठोके द्यावे, मग सहा कोनांच्या घट्ट पान्यानें थोडें उलट, थोडें सुलट फिरवावें.

आमचा बोल्ट एका वृद्ध मिस्त्रींनीं किंचित् लहान मापाचा पाना डोक्यावर ठोकून बसवून काढला. मजुरी घेतली नाहीं. माझा रिंगपाना मात्र घेऊन गेले.