पावसाळी बॅग घेताना आधी उलटी करून पाहा

नगरच्या कापड बाजारातून नमुने, वह्या किंवा हत्यारे घेऊन दुचाकीवर फिरणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. नागापूरच्या एम.आय.डी.सी.त पाळीला जाणारा कामगारही डबा आणि कागद गाडीलाच अडकवून नेतो. काही वर्षांपूर्वी परतीच्या पावसात माझी उधारीची वही बॅगेतच भिजली. शाई पसरली आणि दोन पानांवरची येणी वाचता आली नाहीत. बॅगेवर 'वॉटरप्रूफ' असे छापलेले होते. जन्म कापडात गेला, तरी मी ती उलटी करून पाहिली नव्हती. चूक माझीच.

प्रथम कापड पाहावे. दुकानदार '600 डेनिअर' असे सांगतो. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. त्यावरून धाग्याची जाडी कळते. पाणी अडेल की नाही, हे कळत नाही. पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा लेप. पी.यू.चा लेप हलका व लवचीक असतो, पण ओलसर जागी वर्षानुवर्षे राहिला तर चिकट होऊन सुटतो. पी.व्ही.सी.चा लेप दिलेले ताडपत्रीसारखे कापड जड असते, पण जास्त टिकते.

दुसरी गोष्ट शिलाई. सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला वाट. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. पी.व्ही.सी.च्या बॅगेत सांधे उष्णतेने जोडलेले असल्यास उत्तम, कारण तेथे छिद्रच नसते.

तिसरी गोष्ट तोंड. साध्या चेनमधून पाणी शिरतेच. तोंड तीन वेळा गुंडाळून बकल लावण्याची पद्धत खात्रीची. चेन असेल तर तिच्यावर रुंद झाकण हवे.

बॅग दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने बांधावी. पट्टे चाकात जाऊ नयेत, बॅग सायलेन्सरला टेकू नये आणि मागचा दिवा, इंडिकेटर व नंबर प्लेट झाकू नये. घरी आल्यावर ती सावलीत उघडी वाळवावी. ओली घडी घातली की बुरशी आलीच.

घेतल्यावर आत कोरा कागद ठेवून, तोंड बंद करून दहा मिनिटे नळाखाली धरावी. कागद ओला झाला तर लगेच परत करावी. म्हणून परतीची बोली खरेदीपूर्वीच करून घ्यावी.

बॅगा शिवणाऱ्या कारागीर बंधूंना एक विनंती. शिवणीला पट्टी नसेल तर गिऱ्हाइकाला 'रिमझिम सोसेल, मुसळधार नाही' असे साफ सांगा. पट्टी लावाल तर तिचे दाम जरूर घ्या. ज्याची वही एकदा कोरडी राहिली, तो पुढच्या पावसाळ्यात तुमच्याच दुकानी येईल.