थंडीतलं रात्रीचं जेवण: पाणी भरणाऱ्यालाही गरम, चुलीपुढच्या बाईलाही गरम

ग्रामीण प्रतिनिधी : नाशिक जिल्ह्यात थंडी पडली की पहिलं नाव निघतं ते निफाडचं. तिथला पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. सिन्नर, येवला, चांदवड या भागांतही डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री अंगात हुडहुडी भरवतात. नेमक्या याच दिवसांत गहू, हरभरा आणि कांद्याला पाणी लागतं. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री असते. सौर प्रकल्पामुळे काही फिडरवर दिवसा लाईट मिळू लागली आहे, पण सगळीकडे अजून नाही. त्यामुळे कितीतरी घरांत माणूस संध्याकाळी जेवतो आणि बॅटरी, फावडं घेऊन रानात जातो.

अशा वेळी रात्री ताटात काय असावं, हा प्रश्न फक्त चवीचा राहत नाही. त्याचं उत्तर आपल्याच कणगीत आणि डब्यांत आहे: बाजरी, हुलगा, उडीद, तीळ, शेंगदाणे, गूळ. यातलं काय, कसं आणि का करायचं, ते समजून घेऊ.

बाजरी 'गरम' का म्हणतात?

बाजरी उष्ण असते, ती हिवाळ्यात खावी, असं घरोघरी सांगतात. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ५ ग्रॅम स्निग्धांश म्हणजे धान्यातलंच तेल असतं. गव्हाच्या पिठात ते दीड ग्रॅमच्या आसपास असतं. बाजरीत कोंडाही भरपूर असतो. त्यामुळे भाकरी हळूहळू पचते आणि पोटाला लवकर भूक लागत नाही.

थंडीत शरीर ऊब टिकवायला जास्त इंधन जाळतं. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी ऊब तयार करण्याची धडपडच असते. पोट रिकामं असेल तर हे इंधन लवकर संपतं आणि माणूस जास्त गारठतो. म्हणून "आल्यावर जेवतो" म्हणून उपाशी रानात जाणं बरं नाही. जाण्याआधी तास-दीड तास पोटभर गरम जेवावं आणि परत आल्यावर थोडं काही गरम घ्यावं.

बाजरीत लोहही चांगलं असतं. १०० ग्रॅमला साधारण ६ मिलिग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. जास्त लोह असलेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून तयार केला. तो २०१२ मध्ये महाराष्ट्रात आला. घरच्यापुरती का होईना, दोन-चार गुंठे बाजरी पेरणाऱ्याने हा वाण विचारात घ्यायला हरकत नाही.

मात्र धान्यातलं लोह अंगाला सहज लागत नाही. भाकरीसोबत लिंबू, कच्चा टोमॅटो किंवा आवळ्याचं लोणचं असलं तर ते जास्त लागतं. उलट जेवल्याबरोबर चहा घेतला तर कमी लागतं. चहा प्यायचाच असेल तर जेवणानंतर तासाभराने प्यावा.

पीठ कडू का होतं?

"बाजरी कडू लागते, पोरं खात नाहीत," अशी तक्रार बऱ्याच घरांत असते. पण बहुतेक वेळा दोष बाजरीचा नसतो, जुन्या पिठाचा असतो. दाणा अख्खा असतो तोवर त्यातलं तेल सुरक्षित राहतं. दळल्यावर त्याला हवा लागते आणि ते खवट व्हायला लागतं. महिन्याचं पीठ एकदम दळून आणलं की शेवटच्या दिवसांतली भाकरी कडवट लागणारच.

यावर उपाय सोपा आहे. आठवडाभर पुरेल एवढीच बाजरी दळावी आणि पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. ताज्या पिठाला विरी असते, म्हणजे ते थापताना तुटत नाही. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवून तळहाताने चांगलं मळावं लागतं. भाकरीला वरून थोडे तीळ लावले तर चव तर येतेच, शिवाय कॅल्शियमही मिळतं.

एका पातेल्याचं जेवण: शेंगोळे

भाकरीची एक अडचण आहे. ती तव्यावरून थेट ताटात पडली तरच खरी गोड. त्यामुळे घरातली बाई चुलीपुढे थापत बसते, बाकीचे गरम खातात आणि ती मागून गार भाकरी खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं आहे. जी शेवटी जेवते तिच्या वाट्याला भाजीही उरलीसुरलीच येते. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तरी सगळे एकदम बसतील असं, एका पातेल्यात होणारं जेवण करावं. आपल्या जुन्या जेवणात अशी सोय आहेच.

हुलग्याचे शेंगोळे हे त्यातलं पहिलं. नाशिक, अहिल्यानगर आणि जुन्नर भागात थंडीत ते हमखास होतात. हुलगा म्हणजेच कुळीथ. त्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात आणि प्रथिनं पचवताना शरीरात ऊबही जास्त तयार होते.

चार माणसांसाठी दोन वाट्या हुलग्याचं पीठ आणि अर्धी वाटी गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ घ्यावं. दहा-बारा लसूण पाकळ्या, हिरव्या मिरच्या आणि जिरे वाटून त्यातलं निम्मं वाटण पिठात घालावं. हळद, मीठ घालून पीठ घट्ट मळावं. हाताला तेल लावून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वळ्या कराव्यात आणि टोकं जोडून वेढे करावेत. पातेल्यात तेलाची फोडणी करून उरलेलं वाटण परतावं, शेंगदाण्याचा कूट घालावा आणि पाच-सहा वाट्या पाणी ओतावं.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे थोडे थोडे सोडावेत. पाणी कोमट असेल तर ते विरघळून पिठलं होतं. पंधरा-वीस मिनिटं मध्यम आचेवर शिजू द्यावेत. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून त्यातच घातलं की रस्सा दाट होतो. खाली उतरवून कोथिंबीर घालावी, लिंबू पिळावं आणि सगळ्यांनी एकदमच जेवायला बसावं.

बाजरीचा खिचडा आणि उडदाचं घुटं

खिचड्यासाठी पूर्वी बाजरीला पाण्याचा हात लावून ती उखळात सडत आणि कोंडा पाखडून काढत. आता ओलसर केलेली बाजरी मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीनदा फिरवली तरी चालतं. दाणा भरडला पाहिजे, पीठ व्हायला नको. एक वाटी भरडलेली बाजरी सहा-सात तास भिजवावी. तिच्यात अर्धी वाटी मुगाची डाळ, मूठभर शेंगदाणे, हळद, मीठ आणि पाच वाट्या पाणी घालून कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या कराव्यात. वरून लसणाची फोडणी किंवा तुपाची धार घालावी. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना भाकरीपेक्षा हे सोपं पडतं.

घुटं त्याहून सोपं. उडदाची डाळ मऊ शिजवून रवीने घोटायची. लसूण, मिरची आणि आल्याचा ठेचा घालून पाणी वाढवायचं आणि उकळी आणायची. याला तेल फारसं लागत नाही. सकाळच्या उरलेल्या भाकरीचा काला करून वरून कढत घुटं ओतलं की भाकरी गार असल्याचं जाणवतही नाही. रानातून रात्री उशिरा येणाऱ्यासाठी हे उत्तम. झाकून ठेवलेलं घुटं नुसतं कोमट न करता चांगलं उकळून घ्यावं.

भोगीची भाजी वर्षातून एकदाच का?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि मिसळीची भाजी घरोघर होते. "न खाई भोगी, तो सदा रोगी" ही म्हण लहान पोरालाही पाठ असते. त्या भाजीत काय असतं ते पाहा: ओला हरभरा, वांगी, गाजर, घेवडा, वाल, बोरं, शेंगदाणे आणि तिळाचा कूट. थोडक्यात, त्या महिन्यात शिवारात जे येतं ते सगळं.

ही भाजी एका दिवसापुरती ठेवायचं काही कारण नाही. जानेवारीभर बांधावर, बाजारात या भाज्या असतात. प्रत्येकी थोडी थोडी घेतली तरी चार माणसांची भाजी होते आणि डाळीचा खर्च वाचतो. तीळ-शेंगदाण्याचा कूट डब्यात तयार ठेवला तर भाजी अर्ध्या तासात होते.

गोड काय करावं?

हिवाळ्यात गोड खावंसं वाटतं आणि त्यासाठी दुकानातच जावं लागतं असं नाही.

मलिदा : गरम भाकरी कुस्करून त्यात चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप घालावं. पोरांना शेवया किंवा बिस्किटापेक्षा हे कधीही चांगलं.

हुलग्याचं माडगं : भाजलेल्या हुलग्याचं तीन चमचे पीठ गार पाण्यात कालवावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते तीन पेले उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळावं. गूळ, सुंठ आणि चिमूटभर मीठ घालून पाच-सात मिनिटं शिजवावं. वाटलं तर नंतर थोडं दूध घालावं. रानातून आल्यावर चहाऐवजी पेलाभर माडगं घेतलं तर पोटालाही आधार मिळतो.

डिंकाचे लाडू : डिंकाचे खडे बारीक करून मध्यम आचेवर तुपात थोडे थोडे तळावेत. आच मोठी असली की खडा वरून फुलतो, आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. त्यात खारीक पूड, भाजलेलं खोबरं आणि गुळाचा पाक घालून गरम असतानाच लाडू वळावेत. पाणी भरायला जाताना खिशात एक लाडू असावा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. गूळ नैसर्गिक असतो म्हणून शुगरवाल्याला चालतो, हा गैरसमज आहे. गुळातही बहुतांश साखरच असते आणि रक्तातली साखर त्यानेही वाढते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी शेंगोळे, घुटं यांवर भर द्यावा. गोडाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

ऊब येण्यासाठी काय करू नये?

"थोडी घेतली की थंडी वाजत नाही," असं म्हणून काही जण रात्री पाण्यावर जाण्याआधी दारू घेतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं. पण त्याच वाटेने शरीरातली ऊब बाहेर निघून जाते. माणूस जास्त गारठतो आणि ते त्याला कळतही नाही. त्यात अंधार, विहीर आणि मोटारीचा स्टार्टर, म्हणजे धोका दुप्पट.

स्वयंपाक झाल्यावर चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन बंद खोलीत किंवा मोटारीच्या शेडमध्ये दार लावून बसणंही जिवावर बेतू शकतं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो. झोपेतल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. शेकायचं तर उघड्यावर शेकावं आणि झोपताना निखारे बाहेर ठेवावेत.

आठवड्याचं गणित

रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात घरात आधीच ठरवून घेतलं तर धावपळ होत नाही. रविवारी आठवड्याची बाजरी दळून आणावी, तीळ-शेंगदाण्याचा कूट करून ठेवावा, डिंकाचे किंवा तिळाचे लाडू वळावेत. तीन रात्री भाकरी आणि मिसळीची भाजी, दोन रात्री शेंगोळे, एक रात्र खिचडा, एक रात्र घुटं. भाकरीच्या रात्रीही एक जण थापायला आणि दुसरा भाजायला बसला तर काम निम्म्या वेळात उरकतं. भाकरी भाजायला बाईच लागते असं काही नाही.

पिकाला रात्री पाणी देणाऱ्याची काळजी सगळं घर करतं आणि ती करायलाच हवी. त्याच ताटाच्या शेजारी चूल सांभाळणारीचंही ताट त्याच वेळी, तेवढंच गरम मांडलं गेलं, तर थंडीतलं जेवण खऱ्या अर्थाने घरच्या सगळ्यांना लागेल.