हिमक्षेपक यंत्र आणि त्याची निगा

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शेतावर वाढलेल्या आर्थर सिकार याने गव्हाची मळणी करणारे यंत्र पाहिले, आणि पीक आत ओढून भुसा दूर उडविणाऱ्या त्या यंत्राकडून बर्फही का उचलवून घेऊ नये, या एका विचाराचा अनेक वर्षे पिच्छा पुरवून १९२५ मध्ये त्याने रस्ते मोकळे करणारे हिमक्षेपक यंत्र सिद्ध केले. दोन वर्षांनी माँट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ नगरपालिकेने ते खरेदी केले. आगगाडीच्या रुळांसाठी फिरत्या पात्यांची कल्पना टोरांटोचे एक दंतवैद्य, जे. डब्ल्यू. एलियट, यांनी १८६९ मध्येच मांडली होती. परंतु घरमालकाने स्वतः हाताने चालवावयाचे पेट्रोलचे यंत्र सर्वसामान्यांच्या अंगणात आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

या घरगुती यंत्राच्या पुढील पेटीत मळसूत्री पाती संथ गतीने फिरून बर्फ फोडतात व मध्यभागी लोटतात, आणि तेथे अतिशय वेगाने फिरणारा पंखा तो उचलून नळकांड्यातून दूर भिरकावतो. या रचनेत मला सर्वांत अधिक आदरणीय वाटतो तो एक क्षुद्र खिळा, ज्याला शिअर पिन म्हणतात: पात्यात दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकले असता गिअरच्या पेटीवर येणारा आघात स्वतःवर घेऊन तुटून जावे, एवढ्याचसाठी तो मुद्दाम दुर्बल घडविलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी बाजारातला कणखर बोल्ट ठोकणारा गृहस्थ काही आण्यांची बचत करून गिअरच्या सबंध पेटीचा नाश ओढवून घेतो.

चालविण्याचे शास्त्र फारसे गहन नाही. वाऱ्याच्या दिशेने बर्फ फेकावा. हिमवर्षाव संपण्याची वाट न पाहता मधूनमधून साफ करावे, कारण ओला, दडपलेला बर्फ नळकांडे तुंबवितो. आणि नगरपालिकेच्या गाडीने फाटकाशी रचून ठेवलेला कठीण बांध अगदी हळू, थोडाथोडा कापावा. खडीच्या वाटेवर पेटीखालच्या सरकपट्ट्या खाली सरकवून पेटी जमिनीपासून उंच ठेवावी, अन्यथा खडीच गोळ्यांसारखी उडते. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू करू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो.

निगेचा खरा हंगाम मात्र बर्फ वितळल्यावर येतो. कार्ब्युरेटरमध्ये महिनोन्‌महिने राहिलेले पेट्रोल शिळे होऊन चिकट होते आणि त्याची बारीक छिद्रे बुजवून टाकते, त्यातून इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावाही शोषून घेते. म्हणूनच वसंतात टाकी रिकामी करून उरलेले इंधन इंजिन चालवूनच संपवावे, हा सर्वांत हितकर नियम होय. तेल बदलावे, पंखा फिरविणाऱ्या पट्ट्यांना चिरा गेल्या आहेत का ते पाहावे, स्पार्क प्लग तपासावा. आणि दर वेळी काम झाल्यावर यंत्र क्षणभर रिकामे फिरू द्यावे, म्हणजे पंख्यात राहिलेले पाणी रात्री गोठून त्याला जखडणार नाही.

तथापि, या साऱ्याहून एक खबरदारी मोठी आहे. तुंबलेल्या नळकांड्यात हात घालून बोटे गमावल्याचे प्रकार दर हिवाळ्यात घडतात, आणि दुर्दैव असे की कधीकधी त्या वेळी इंजिन बंद केलेले असते. ताणलेल्या पट्ट्यात थोडी शक्ती शिल्लक राहते आणि बर्फाचा गोळा सुटताच पंखा हिसका घेतो. यासाठी बहुतेक यंत्रांबरोबर साफसफाईची एक काठी दिलेली असते. टोरांटो किंवा बोस्टनकडे ज्यांची मुले संसार थाटून आहेत, त्यांनी पत्रातून वा फोनवर एवढे अवश्य विचारावे, की ती काठी यंत्रावर जागच्या जागी आहे ना.