स्लॅबला सिमेंट किती लागेल?

वसतिगृहाच्या बांधकामाला देणगी देणारे बंधुभगिनी मला हमखास विचारतात, "स्लॅबला गोण्या किती लागतील?" हिशोब अवघड नाही, म्हणून इथे मांडतो.

समजा, खोली ३० बाय २० फूट आहे. माप बाहेरून घ्यावे, कारण स्लॅब भिंतींवरही टेकतो. जाडी ५ इंच. ३० गुणिले २० गुणिले ५, भागिले १२, म्हणजे २५० घनफूट. आता बीम. त्याची उंची १८ इंच असली तरी वरचे ५ इंच स्लॅबमध्ये मोजून झाले, उरले १३. असे ९ इंच रुंद, २० फूट लांब दोन बीम असले, तर आणखी सुमारे ३२ घनफूट. एकूण २८२ घनफूट, म्हणजे ८ घनमीटर. (जाडी, बीम आणि सळई अभियंत्यानेच ठरवायची, आपण फक्त मोजायचे.)

गोंधळ होतो तो पुढे. ८ घनमीटर काँक्रीटला ८ घनमीटर कोरडा माल पुरत नाही. खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट, आणि पाणी पडताच सगळे दबून बसते. म्हणून कोरडा माल १.५४ पट धरतात. एम २० काँक्रीटला १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू, ३ भाग खडी. त्या हिशोबाने घनमीटरला साधारण ८ गोण्या पडतात. आपल्याला ६५, सांडलवंड धरून ६७. वाळू सव्वा ब्रास, खडी अडीच ब्रास.

पाड्यावर हा आकडा फार महत्त्वाचा, कारण सिमेंटचे दुकान घाटाखाली असते आणि स्लॅब सलग एका दिवसात भरावा लागतो. दुपारी गोण्या संपल्या आणि गाडी संध्याकाळी आली, तर तोवर आधीचे काँक्रीट आवळलेले असते. नवे त्याच्याशी एकजीव होत नाही आणि पावसाळ्यात गळती नेमकी त्या सांध्यातून सुरू होते. "आहे त्यात भागवू" म्हणणारा मुकादम भेटला, तर आणखी वाईट. उलट वीस गोण्या जास्त आणल्या, तर ओलीने त्यांचे दगड होतात.

सगळ्यात फसवी जाडी. सेंट्रिंगच्या प्लेटा खाली बसून स्लॅब सरासरी अर्धा इंच वाढला, तरी २५ घनफूट, म्हणजे जवळजवळ ६ गोण्या जादा जातात. मी सळईच्या तुकड्यावर ५ इंचांची खूण करून तो ओल्या काँक्रीटमध्ये जागोजागी खुपसून बघतो. मिस्त्री हसतात, पण थापी जपून चालवतात.